ऑनलाइन तासात शिक्षकाने व्याख्याता राहावे की मार्गदर्शक व्हावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा दिली, तेव्हाच ऑनलाइन अध्यापन कोरोनाबरोबर संपणार नाही हे स्पष्ट झाले. कोणते ॲप वापरायचे हे आता बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक आहे. मात्र वेळापत्रकाप्रमाणे थेट तास घेणारा व्याख्याता राहावे, की आदल्या सायंकाळी ध्वनिमुद्रित पाठ पाठवून तासाला केवळ शंका आणि चर्चा घ्यावी, याचा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गाला मी दोन्ही पद्धतींनी अर्थशास्त्र शिकवले आहे.

थेट तासाची बाजू लंगडी नाही. वेळ ठरलेली असली की मुले घरच्यांना ‘माझा तास आहे’ असे सांगू शकतात, आणि वावरातल्या कामातून तेवढा पाऊण तास सुटतो. शिक्षकालाही वर्गातली सवय मोडावी लागत नाही, आणि गणितासारख्या विषयात समोर एकेक पायरी सोडवून दाखवण्याचे महत्त्व मी नाकारणार नाही.

मला खटकली ती एकच गोष्ट. पाठ्यक्रमात ‘मागणीतील विस्तार’ आणि ‘मागणीतील वृद्धी’ या दोन संकल्पना लागोपाठ येतात. विस्तार केवळ किंमत घटल्यामुळे होतो, तर वृद्धी किंमत स्थिर असताना उत्पन्न, आवडनिवड अशा इतर घटकांमुळे होते. हा फरक मी थेट तासात अगदी सावकाश समजावून सांगितला, ‘समजले का?’ असे विचारले आणि ‘हो सर’ अशी उत्तरेही आली. पुढे एका विद्यार्थिनीची वही पाहिली, तर तिच्या व्याख्येचा पहिला अर्धा भाग विस्ताराचा होता आणि उरलेला अर्धा वृद्धीचा. मध्ये तिची रेंज गेली होती. ती परत जोडली गेली तेव्हा मी पुढच्या संकल्पनेवर पोहोचलो होतो, आणि सर्वांसमोर ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याचा तिला संकोच वाटला. वर्गात खडू थांबवून मी चेहरे वाचतो. येथे कोणाचे कोणते वाक्य निसटले, हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. त्यानंतर प्रत्येक थेट तासात ती वही डोळ्यांसमोर येऊ लागली.

ऑनलाइन शिक्षकाच्या भूमिकेची अध्यापनविषयक, सामाजिक, व्यवस्थापकीय आणि तांत्रिक अशी चार अंगे झेन बर्ज या अभ्यासकाने १९९५ मध्येच मांडली होती. माझ्या अनुभवात थेट तासाचा बराच वेळ शेवटच्या दोन अंगांत जात असे: हजेरी, माइक बंद करणे, ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा जोडून घेणे.

मार्गदर्शकाच्या भूमिकेत हे ओझे कमी होते, पण ती फुकट मिळत नाही. दहा मिनिटांचा पहिला पाठ मनासारखा ध्वनिमुद्रित करायला माझी अख्खी सायंकाळ गेली. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत अनेक मुले पाठ न ऐकताच चर्चेला येत. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रश्न विचारण्याची सवय नसल्याने सुरुवातीचे दोन आठवडे मीच प्रश्न विचारत होतो आणि मीच उत्तरे देत होतो. ज्यांचे विद्यार्थी शहरात राहतात आणि ज्यांच्याकडे जोडणी भक्कम आहे, त्यांना कदाचित हा खटाटोप अनावश्यक वाटेल.

तरीही आपल्या वर्गात खेड्यावरून येणारी मुले अधिक असतील, तर निदान एका घटकासाठी दुसरी पद्धत करून पाहावी, असे मी सुचवेन. आवाजाचा लहान पाठ आणि मागणीच्या वक्राचे, म्हणजे आलेखाचे, एक छायाचित्र रेंजचा कोपरा सापडला तरी उतरते, आणि निसटलेले वाक्य कोणाचीही परवानगी न घेता पुन्हा ऐकता येते. पाठासोबत मी एकच प्रश्न पाठवतो आणि त्याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत, आवाजात मागतो.

वहीत व्याख्या मिसळलेल्या त्याच विद्यार्थिनीने पुढच्या वेळी रात्री उशिरा उत्तर पाठवले. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, “सर, कापसाचे पैसे घरी आले की कापडाचा भाव तोच असला तरी आम्ही जास्त कापड घेतो, ती वृद्धी. आणि पैसे तेवढेच असताना भाव उतरला म्हणून जास्त घेतले, तर तो विस्तार.”