मिनरल मिक्श्चरच्या पोत्यात निघाली चुनखडी

इंदूरजवळच्या महू, सिमरोल, मानपूर या पट्ट्यात जे कोणी डुकरं पाळतात, त्यांनी हे नक्की वाचावं. बनावट मिनरल मिक्श्चरने (जनावरांच्या खुराकात घालायची खनिजांची भुकटी) माझ्या ४२ जनावरांच्या लॉटचं वाटोळं झालं, आणि ज्याने केलं तो माणूस आजही याच रस्त्यावर माल विकत फिरतोय.

माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर आहेत. खुराक घरीच बनवतो : मक्याचा भरडा, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), गव्हाचा कोंडा, मीठ आणि मिनरल मिक्श्चर. इंदूरला सोयाबीनच्या डीओसीची कमी नाही, मकाही मिळतो. मिक्श्चर मात्र महाग. नेहमीच्या दुकानातून ८५ रुपये किलोने आणायचो. मागच्या पावसाळ्यात एक जण मोटरसायकलवर शेडवर आला. बायपासला गोडाऊन आहे म्हणाला, भाव ४८ रुपये. मी घुटमळलो, तसा मराठीतच बोलायला लागला. "दादा, इंदुरात आपली माणसं उरलीत किती? आपल्याच माणसाला मी वाईट माल देईन का?" घरात आईला नमस्कार केला, चहा घेतला. तीन पोती उतरवली, दीडशे किलो. बिल मागितलं तर कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. जाताना सांगून गेला, "क्विंटलला दोन किलो टाकता ना? तीन टाका. हाडं भरतील, वजन उठेल."

पोतं दिसायला उत्तम. निळी छपाई, डुकराचं चित्र, कॅल्शियम २४ टक्के, फॉस्फरस १२ टक्के, खाली झिंक, कॉपर, लोह. बॅच नंबर नव्हता, तयार केल्याची तारीख नव्हती, कारखान्याचा पत्ता नव्हता, नुसता मोबाईल नंबर. हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहूनही पोतं फोडलं.

महिन्याभरात काही पिल्लांच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल ठिपके दिसले. मला वाटलं पावसाळी खरूज. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, चौदा दिवसांनी परत दिलं. काडीचाही फरक नाही. ठिपक्यांवर करड्या रंगाची खपली धरली, हात फिरवला तर बाभळीच्या सालीसारखी लागायची. घोट्यापाशी भेगा पडल्या. दोन्ही अंगांना सारखंच, उजवीकडे जिथे तिथेच डावीकडे. खाणं कमी झालं. महिन्याला चौदा-पंधरा किलो वाढणारी जनावरं सहा-सात किलोवर आली. तिघांचे सांधे सुजले, ती मागचे पाय टाकून कुत्र्यासारखी बसून राहायची, गव्हाणीपर्यंतही यायची नाहीत.

शेवटी महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेल्या एका डॉक्टरांना बोलावलं. कुंपणाशी पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "ही अंग घासतात का?" मी बघत राहिलो. एकही जनावर भिंतीला अंग घासत नव्हतं. खरुजेचं डुक्कर क्षणभर स्वस्थ राहत नाही, आणि हे दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा पॅराकेराटोसिस, म्हणजे कातडी जाड होऊन खपल्या धरणारा रोग, झिंक कमी पडलंय. डुकराच्या या रोगावर झिंक लागू पडतं हे अमेरिकेत १९५५ साली छापून आलंय, यात नवीन काही नाही. मग त्यांनी पोत्यात हात घातला, चिमूटभर भुकटी बोटांत चोळली आणि घरातून लिंबू आणायला सांगितलं.

एका वाटीत नव्या पोत्यातली चमचाभर भुकटी, दुसरीत जुन्या दुकानाच्या उरलेल्या पुड्यातली. दोन्हींवर लिंबू पिळलं. जुनीत थोडे बुडबुडे आले आणि शांत झाली. नवी वाटीच्या काठापर्यंत फसफसून आली. खऱ्या मिक्श्चरमध्येही थोडी चुनखडी असते, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावता येत नाही, पण संशयाला ते पुरेसं होतं. नमुना प्रयोगशाळेत दिला. कॅल्शियम ३४ टक्के, फॉस्फरस एक टक्क्याच्याही आत, झिंक नावापुरतं.

डॉक्टरांनी समजावलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी ४८ रुपयांना भुललो नसतो. मिक्श्चरमध्ये पैसा जातो तो मुख्यतः फॉस्फरसचा. कॅल्शियम जवळजवळ फुकट, चुनखडी कुठेही मिळते. म्हणजे भाव निम्म्यावर आला की आधी फॉस्फरसच गेलेला असतो. मका आणि सोयाबीनमध्ये फॉस्फरस असतो, पण बहुतेक फायटेटच्या, म्हणजे दाण्यात बांधलेल्या रूपात. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू तो सोडवून घेतात, डुकराला ते जमत नाही. वाढत्या डुकराच्या खुराकात कॅल्शियम साधारण ०.६५ टक्के आणि फॉस्फरस ०.५५ च्या आसपास हवा, म्हणजे फॉस्फरस एक तर कॅल्शियम सव्वाच्या आत-बाहेर. मी तीन किलोच्या हिशेबाने चुनखडी घालून कॅल्शियम एक टक्क्याच्या वर नेलं होतं आणि फॉस्फरस होता तिथेच. हाडं भरणार कशाने?

आणि माझ्या मनाला सगळ्यात लागलं ते याच्या पुढचं. मला वाटत होतं, भेसळ म्हणजे फार तर औषध कमी पडेल. तसं नाही. जास्तीचं कॅल्शियम आणि फायटेट मिळून खुराकातलं होतं नव्हतं ते झिंकही बांधून टाकतात, आतड्यातून ते अंगात जातच नाही. मी चुनखडी घातलीच नसती तर कातडी इतकी फाटली नसती. वाढीसाठी म्हणून रोज माझ्याच हाताने मी ती मोजून घालत होतो.

पोती बंद केली, डॉक्टरांनी तोलून दिलेलं झिंक सल्फेट आणि डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, यातून फॉस्फरस मिळतो) सुरू केलं. दहा-बारा दिवसांत खाणं सुधारलं, महिन्याभरात खपल्या गळून गुलाबी कातडी आली. सुजलेल्या सांध्यांची तिघं मात्र नीट उभी राहिली नाहीत, पडेल भावात काढावी लागली.

माल विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच काहीतरी मिसळलं असेल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमुना फोडलेल्या पोत्यातून काढलेला, साक्षीदार नाही, पक्कं बिल नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. स्वतःच्या पोटासाठी धंदा करणारा माणूसही कायद्याने ग्राहक ठरतो, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण बिल नसेल तर खरेदी सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून पोतं फोडण्याआधी दोघांसमोर नमुना काढा, सील करून त्यावर सह्या घ्या, आणि जीएसटी नंबर असलेलं बिल हातात आल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका.

गेल्या आठवड्यात मानपूरच्या एका शेडवर तेच पोतं पाहिलं. छपाई आता निळ्याऐवजी हिरवी आहे. डुकराचं चित्र, टक्केवारी सगळं तेच, आणि खालचा मोबाईल नंबर तेवढा बदललेला.