गाठायचं ग्रुपवर, लुबाडायचं इनबॉक्समध्ये

फेसबुकवरच्या शुगर पेशंटच्या ग्रुपला मी नावं ठेवणार नाही. उपासाची साबुदाणा खिचडी शुगरला भातापेक्षा काही बरी नाही, पाय शेकायचे तर पाण्यात आधी कोपर बुडवून बघावं, कारण बधिर पायांना चटका कळत नाही, हे आईला तिथेच समजलं. लालबागच्या आमच्या चाळीत कोण सांगणार होतं? शिवाय कुणी काही भलतं लिहिलं की खाली दहाजण तुटून पडतात. म्हणूनच भामटे तिथे काही विकत नाहीत. ते इनबॉक्समध्ये येतात.

आईने 'पाय जळजळतात' एवढंच लिहिलं होतं. रात्री मेसेज: 'ताई, मलाही हाच त्रास होता.' आठवडाभर नुसती विचारपूस, औषधाचं नावही नाही. मग रिपोर्टचा फोटो. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तीन आठवड्यांत १०.४ वरून ५.६! लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांना चिकटलेली साखर मोजते. तीन आठवड्यांत एवढी उतरायची तर अंगातलं रक्तच बदलावं लागेल.

चूर्णाचा पहिला डबा कॅश ऑन डिलिव्हरी, पुढचा 'कोर्स' यूपीआयने, ८,५०० रुपये. डब्यावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' ठळक. लायसन्स नंबर, बॅच नंबर, कंपनीचा पत्ता काही नाही. गंमत म्हणजे शुगर खरंच उतरली. एका संध्याकाळी आईला जिन्यातच दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले, जीभ अडखळली. ग्लुकोमीटरवर ४८. सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो. साखरपाणी पाजून डॉक्टरांकडे नेलं. डबा बघून ते म्हणाले, असल्या चूर्णांत शुगरच्या ॲलोपॅथी गोळ्या कुटून घातलेल्या सापडतात. आईची रोजची गोळी चालू होतीच.

त्या 'भावा'ला कळवलं तर म्हणे, 'ताई, विष बाहेर पडतंय, डोस वाढवा.' पैसे परत मागितले, ब्लॉक.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, मग औषध आयुर्वेदिक का असेना. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; उशीर झाला की ते पुढच्या खात्यांत सरकतात. औषधाची तक्रार एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. डबा, कुरियरची पावती, चॅट, सगळं ठेवा. आई लाजेपोटी चॅट पुसायलाच निघाली होती.

शेवटी तिने ग्रुपवर सगळं लिहिलं, तर आणखी तिघींनी तोच रिपोर्ट टाकला. पेशंटचं नाव दर वेळी वेगळं, तारीख आणि सही मात्र तीच.