आयपॅडवर पीसीचे गेम: बरेच महिने वापरल्यावर

आधीच निकाल सांगून टाकतो, घाईत असलेल्यांची सुटका. आयपॅडवर मोठे गेम स्ट्रीम करून खेळता येतात आणि चांगले खेळता येतात. फक्त ॲप स्टोअर उघडून एक्सबॉक्स क्लाउडसारखं (मायक्रोसॉफ्टची सेवा, गेम त्यांच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र आपल्याकडे येतं) काहीतरी शोधू आणि इन्स्टॉल करू असं डोक्यात असेल तर ते तिथे नाहीये, आणि ते का नाहीये ही भानगड मला हल्ली खेळण्याइतकीच इंटरेस्टिंग वाटायला लागलीये, त्यामुळे अर्धा रिव्ह्यू त्यावरच जाणार आहे, कंटाळा आला तर सरळ शेवटी जा.

माझा पीसी साताऱ्याला घरी आहे, मी पुण्यात भाड्याच्या खोलीत. इथे टॉवर आणि मॉनिटर ठेवायला टेबलच नाही, आणि रूम पार्टनर नाईट शिफ्टवाला, दिवसा झोपलेला असतो. म्हणून गेम चालतो साताऱ्यात, त्याचा व्हिडिओ येतो पुण्यात आयपॅडवर, मी कंट्रोलरचं बटण दाबलं की ते उलट साताऱ्याला जातं. पीसीवर चित्र पाठवणारं सनशाईन, आयपॅडवर ते दाखवणारं मूनलाईट, दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स. कंट्रोलरसाठी काही वेगळं शोधायला लागत नाही, २०१९ मध्ये आयओएस १३ आलं तेव्हापासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे कंट्रोलर ब्लूटूथने सरळ जोडले जातात.

घरातल्या घरात हे सगळं पाच मिनिटांत चालू होतं. खरी कटकट बाहेरून जोडताना. साताऱ्याची लाईन लोकल केबलवाल्याची, आणि तिथे आपल्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, एकाच आयपीमागे कितीतरी घरं असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करत बसा, बाहेरून तुमच्या घराचं दार सापडतच नाही. केबलवाल्याला फोन केला तर म्हणे स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरा, आणि भरले असते तरी कधी जोडून देणार ते काही सांगेना. मग टेलस्केल, म्हणजे लांबच्या मशीनना एका खाजगी नेटवर्कात जोडणारं ॲप, टाकलं पीसीवर आणि आयपॅडवर, दोन्हीकडे एकाच अकाउंटने लॉगिन, दोघांना एकमेकांचे आयपी मिळाले, विषय संपला. घरगुती वापराला फुकट आहे. सीजीनॅटमागे अडकलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

दुसरी गोष्ट, पीसी लांबून चालू कसा करायचा. वेक ऑन लॅनचा (बंद पीसीला नेटवर्कवरून उठवायचा) सिग्नल फक्त घरातल्या नेटवर्कमध्ये फिरतो, पुण्यातून टेलस्केलवरून तो पोचत नाही, त्यासाठी तिथे अजून एक डिव्हाईस कायम चालू ठेवावं लागतं. मी सोपा उपाय केला, स्मार्ट प्लग लावला आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, 'वीज आली की चालू हो' हे सेटिंग ऑन केलं. इकडून प्लग ऑन, तिकडे पीसी ऑन. एकदम भारी. फक्त यात एक मेख आहे, लाईट जाऊन परत आली तरी पीसीला तेच वाटतं. पावसाळ्यात हे इतकं झालं की आईचा ठरलेला फोन, "अरे तुझं ते डबडं परत आपोआप पेटलंय, लाल-निळं चमकतंय, प्लग काढू का?" आता मी खेळून झालं की आयपॅडवरून आधी शटडाऊन करतो आणि मग प्लगही ऑफ करतो, प्लग ऑफ असला की लाईट किती का वेळा येईना.

आता लॅग, कारण सगळे पहिले तेच विचारतात. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची असते, आणि एन्कोड (पीसीने चित्र दाबून लहान करणं), नेट, डिकोड (आयपॅडने ते उलगडणं) सगळं धरून दोन-तीन फ्रेम उशीर होतोच. कथा असलेल्या गेममध्ये, गाडीच्या गेममध्ये, शेती करायच्या गेममध्ये हे दहा मिनिटांनी जाणवेनासं होतं. क्रिकेटच्या गेममध्ये मात्र कळतं! स्पिनरला आरामात खेळतो, फास्ट बॉलर आला की माझी बॅट कायम उशिरा, शेवटी टायमिंगच आधीचं धरायची सवय लावून घेतली आणि मग दिवाळीत घरी जाऊन पीसीसमोर बसलो तर सगळे शॉट लवकर, भाऊ हसतोय. नेमबाजीचे ऑनलाईन गेम तर सोडूनच द्या, तिथे समोरचा पोरगा लोकल मशीनवर खेळतोय आणि आपण दोन गावांतून, मार खाणार हे ठरलेलं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला सांगू? पीसीच्या बाजूला लॅन केबल. वायफाय तिथे नकोच. आयपॅडच्या बाजूला वायफाय चालतं पण पाच गिगाहर्ट्झ पाहिजे, २.४ वर शेजारच्या अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. बिटरेट (व्हिडिओ सेकंदाला किती डेटा खातो) मी २० एमबीपीएसवर ठेवतो, म्हणजे तासाला साधारण ९ जीबी. मोबाईलच्या रोजच्या २ जीबीच्या पॅकवर याचा हिशोब करा, पंधरा मिनिटंही पुरत नाही. प्रवासात खेळायचं स्वप्न मी तिथेच सोडलं.

तर हे झालं स्वतःच्या पीसीचं. यात ॲप स्टोअर आडवं येत नाही, आज तरी. पण पूर्वी आलेलं आहे. व्हॉल्व्ह (स्टीम हे पीसी गेमचं दुकान चालवणारी कंपनी) हिचं स्टीम लिंक ॲप, हेच काम करणारं, मे २०१८ मध्ये ॲपलने आधी मंजूर केलं आणि लगेच मागे घेतलं, कारण दिलं बिझनेस कॉन्फ्लिक्टचं. व्हॉल्व्हचं म्हणणं साधं होतं, हे घरातल्या नेटवर्कवरचं रिमोट डेस्कटॉप आहे आणि तशी ॲप्स तुमच्या स्टोअरमध्ये आधीच पडलेली आहेत. तरी ते आलं मे २०१९ मध्ये. वर्ष गेलं. शॅडोची गोष्ट तर अजून मजेशीर, ती कंपनी अख्खा विंडोज पीसीच क्लाउडमध्ये भाड्याने देते, तिचं ॲप २०२० मध्ये काढलं, परत आलं, २०२१ मध्ये परत काढलं आणि परत आलं, आणि दुसऱ्या वेळी सुटका झाली ती 'आम्ही गेमचा कॅटलॉग विकत नाही, पूर्ण कॉम्प्युटर देतो' हे पटवून दिल्यावर. म्हणजे बघा, अख्खा कॉम्प्युटर चालतो, त्यावर तुम्ही वाट्टेल ते गेम खेळा, पण गेमची यादी दाखवलीत की अडचण.

क्लाउडचं घोडं इथेच अडलं. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या फेब्रुवारीत आयफोनवर एक्सक्लाउडची (एक्सबॉक्स क्लाउडचं तेव्हाचं नाव) चाचणी सुरू केली होती, टेस्टफ्लाईट या ॲपलच्या चाचणीच्या ॲपवर, १० हजार लोकांपुरती, आणि खेळायला एकच गेम. ऑगस्टमध्ये ती गुंडाळली आणि १५ सप्टेंबरला सेवा फक्त अँड्रॉइडवर आली. ॲपलचं म्हणणं होतं की स्टोअरमधला प्रत्येक गेम आम्ही तपासतो, तुमच्या कॅटलॉगमधले शंभर गेम आम्ही न बघता कसे सोडू. त्यावर सगळ्यांनी विचारलं की मग नेटफ्लिक्सचा प्रत्येक पिक्चर तपासता का? तर उत्तर, गेम इंटरॲक्टिव्ह असतात. ११ सप्टेंबर २०२० ला नवा नियम काढला, स्ट्रीमिंग चालेल, पण प्रत्येक गेमचं वेगळं ॲप स्टोअरमध्ये टाका, प्रत्येकाचं वेगळं पान, आणि हवं तर वरती एक कॅटलॉगचं ॲप ठेवा. शंभर गेम म्हणजे शंभर ॲप. पुढे फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने ॲपलवर भरलेल्या खटल्यात ईमेल बाहेर आले तेव्हा कळलं की मायक्रोसॉफ्ट एका टप्प्यावर त्यालाही तयार झालं होतं, फक्त स्ट्रीमिंगचं यंत्र प्रत्येक ॲपमध्ये कोंबण्याऐवजी एकाच ॲपमध्ये ठेवू द्या म्हणत होतं. तेही जमलं नाही. ॲपलच्या बाजूने म्हणायचं तर त्यांचं म्हणणं असं की मायक्रोसॉफ्टला ॲपमधून खरेदीची सोयच द्यायची नव्हती. दोघेही ॲपलच्या ३० टक्के कमिशनवरच भांडत होते असं माझं स्वच्छ मत आहे, गेम तपासणी वगैरे तोंडी लावायला.

मग सगळे ब्राउझरकडे वळले. एनव्हिडियाची क्लाउड सेवा जीफोर्स नाऊ नोव्हेंबर २०२० मध्ये सफारीत आली, डिसेंबरमध्ये गुगलचं स्टेडिया (ते बिचारं जानेवारी २०२३ मध्ये बंदच पडलं), २०२१ मध्ये एक्सक्लाउड. आणि यातला सगळ्यात भारी किस्सा फोर्टनाइटचा. ऑगस्ट २०२० मध्ये ॲप स्टोअरमधून हाकललेला गेम, मे २०२२ पासून त्याच आयफोनवर सफारीतून एक्सबॉक्स क्लाउडवर फुकट खेळता येत होता. कंट्रोलरही नको, स्क्रीनवर बोटांनी. मग नियमाने नक्की वाचवलं काय?

भारतात एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग आलं नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यासाठी गेम पास हे सबस्क्रिप्शन लागतं, त्याचे तेव्हाचे दर एसेन्शियल ४९९, प्रीमियम ६९९, अल्टिमेट १३८९ रुपये महिना, आणि क्लाउड तिन्हीत आहे. मी मधला घेतला. सफारीत साईट उघडायची, लॉगिन करायचं, 'ॲड टू होम स्क्रीन' करायचं, मग आयकॉन येतो आणि पूर्ण स्क्रीनवर उघडतं, बघणाऱ्याला ॲपच वाटेल. चित्र पुण्यात माझ्या लाईनवर छान येतं. पण ब्राउझरमधला खेळ म्हणजे शेवटी एक वेब पेज. मध्येच फोन आला, व्हॉट्सॲप बघायला बाहेर गेलो, परत येईपर्यंत कधीकधी सेशन तुटलेलं असतं आणि पेज पहिल्यापासून. खालून वर स्वाईप झालं की भलतंच होतं, त्यासाठी गाईडेड ॲक्सेस (आयपॅडला एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवणारं सेटिंग) लावून ठेवा. आणि मूनलाईटमध्ये बिटरेट, कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) सगळं हाताने बदलता येतं, इथे 'सेवा ठरवेल ते' असा मामला. पीसी नसलेल्या माणसाला तरीही हे खूप आहे. गेम डाउनलोड नाही, अपडेट नाही, ऐंशी जीबी रिकामी करा नाही.

आता कोणीतरी म्हणेल, अरे पण ॲपलने परवानगी दिली की. दिली, २५ जानेवारी २०२४ ला, अख्ख्या जगासाठी, एकाच ॲपमध्ये पूर्ण कॅटलॉग चालेल म्हणून. मी पण खूश झालो होतो. मग आली का ॲप्स? मी हे लिहितोय तेव्हाही एक्सबॉक्स आणि जीफोर्स नाऊ दोन्ही आयपॅडवर ब्राउझरमधूनच खेळतोय. कारण दार उघडलं पण गल्ला तिथेच. सबस्क्रिप्शन आणि गेमच्या आतली खरेदी ॲपलच्या पेमेंटमधूनही देता आली पाहिजे आणि त्यावर कमिशन. मायक्रोसॉफ्टने ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाला हेच सांगितलं की या अटींवर आम्हाला परवडत नाही, शिवाय हे गेम कन्सोलसाठी बनलेले, त्यातली खरेदी ॲपलच्या सिस्टीमला जोडायची म्हणजे एकेक गेमचा कोड बदलत बसायचा. आयोगाने मार्च २०२५ च्या अहवालात सांगितलं की ॲपलने नियम बदललेत, क्लाउड गेमिंगबाबत आता आमची तक्रार नाही. नियमाच्या कागदावर बघितलं तर बरोबर आहे. माझ्या आयपॅडवर बघितलं तर काहीच बदललेलं नाही.

आणि ब्राउझर म्हणजे मोकळं रान असंही समजू नका. आयपॅडवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं, नियमच तसा आहे. युरोपात २०२४ पासून आणि जपानमध्ये (तिथे फक्त आयफोनवर) डिसेंबर २०२५ पासून कायद्याने दुसरं इंजिन चालतं, आपल्याकडे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तर युरोपातल्या आयफोनवरून होम स्क्रीनवरची वेब ॲप्सच काढून टाकायला निघाले होते, ओरडा झाला म्हणून १ मार्चला माघार घेतली. मी ज्या आयकॉनवर टॅप करून रोज खेळतो तोच.

अँड्रॉइडवाले इथे हसत असतील. पार्टनरच्या फोनवर खरंच सगळं सोपं आहे, प्ले स्टोअरवरून एक्सबॉक्सचं ॲप, झालं, स्टोअरमध्ये नसेल तर एपीके, म्हणजे बाहेरून उतरवलेली ॲपची फाईल. पण फार उडू नका. १ मार्च २०२४ ला बिलिंगच्या भांडणात गुगलने नोकरी, शादी डॉट कॉम, ९९एकर्स अशी आपल्या रोजच्या वापरातली ॲप्स प्ले स्टोअरवरून उतरवली होती, सरकार मध्ये पडल्यावर परत आली. आणि बाहेरून एपीके टाकण्यावरही डेव्हलपरची ओळख पडताळणी येतेय, २०२६ मध्ये चार देशांत, मग बाकी जगात.

घ्यायचं काय? घरी बरा पीसी असेल तर एक रुपया खर्च करू नका, सनशाईन, मूनलाईट, टेलस्केल, बास. पीसी नसेल तर सगळ्यात स्वस्त, एसेन्शियलवाला एक महिना घ्या आणि रात्री नऊ ते अकरा, म्हणजे अख्खी सोसायटी नेटवर असते तेव्हा खेळून बघा, दुपारी बघून ठरवू नका. वर्षभराचं एकदम तर अजिबात घेऊ नका. आणि पीसी लांब ठेवणार असाल, मॉनिटर बंद असेल, तर कितीतरी ग्राफिक्स कार्डं चित्रच देत नाहीत, मूनलाईट जोडलं जातं पण काळी स्क्रीन. त्यासाठी डमी एचडीएमआय प्लग मिळतो, दोन-चारशे रुपयांत, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टात खोचायचा, मदरबोर्डच्या नाही. आमच्या पिताश्रींनी फोनवर माझ्या सूचना ऐकत पहिल्यांदा मदरबोर्डलाच खोचला होता.