निगेटिव्ह आईची गोळी : गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजताना घेतलेल्या ‘प्रेप’चा तेरा महिन्यांचा अनुभव

टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी मी रोज एक याप्रमाणे तेरा महिने घेतली. त्यातले पाच महिने बाळ पोटात होते आणि उरलेले आठ महिने ते अंगावर पीत होते. मला एचआयव्हीची लागण झालेली नाही. माझ्या पतीला आहे. लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या या औषधाला ‘प्रेप’ म्हणतात. त्याविषयी मराठीत शोधताना मला जे काही सापडले, ते एकतर लागण झालेल्या मातांसाठी होते किंवा गरोदर नसलेल्यांसाठी. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

चौथ्या महिन्यापर्यंत सगळे नेहमीसारखे चालले होते. नाव नोंदवताना झालेल्या तपासण्यांमध्ये माझी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती आणि तो विषय तिथेच संपला होता. मग पतीचा खोकला लांबला, क्षयरोगाचे निदान झाले, क्षयरुग्णांची करतात तशी त्यांची एचआयव्ही चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. माझी चाचणी पुन्हा केली, ती निगेटिव्हच होती. समुपदेशक ताईंनी मला कंडोमविषयी सांगितले, पतीचे उपचार नीट चालू राहिले तर काळजी नाही असेही सांगितले. गोळीचा विषय मात्र आम्ही पुढे एका खासगी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा निघाला.

त्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मनात रुतून बसली. आफ्रिकेतील, एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांच्या माहितीवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, एका संबंधामागे स्त्रीला लागण होण्याची शक्यता गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुमारे चौपट होते. शिवाय याच काळात नव्याने लागण झाली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते आणि ते बाळाकडे जाण्याचा धोकाही तेव्हाच सर्वाधिक असतो. तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह अहवाल फाइलला लावून निश्चिंत बसलेल्या व्यवस्थेला ही लागण दिसतच नाही. गोळी घ्यायचे मी त्याच बैठकीत ठरवले.

सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या : एचआयव्ही, मूत्रपिंडांसाठी क्रिॲटिनिन आणि हिपॅटायटिस बी. शेवटची तपासणी कशासाठी, असे मी विचारले. टेनोफोविर हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही काम करते. तो अंगात असताना गोळी अचानक थांबवली तर यकृताचा आजार उसळू शकतो, म्हणून ते आधी माहीत असावे लागते. गोळीने पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही, तेव्हा सुरुवातीचे तीन आठवडे ती नाहीच असे समजून वागा, असे बजावण्यात आले. पुरुषांमध्ये संबंधाच्या आगेमागे गोळ्या घेण्याची जी पद्धत आहे, ती स्त्रियांसाठी नाही. आम्हाला रोजच घ्यावी लागते.

दुष्परिणामांचे सांगायचे तर पहिले दहा-बारा दिवस मळमळ होती. पण चौथा-पाचवा महिना चालू असताना ती गोळीची की बाळाची, हे कोण सांगणार? रात्रीच्या जेवणानंतर घेऊ लागल्यावर त्रास थांबला. गोळी मोठी आहे, घशात अडकते, पाणी भरपूर लागते. दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी आणि क्रिॲटिनिन होत असे. दोन्ही कायम ठीक राहिले. टेनोफोविरने हाडांची घनता किंचित कमी होऊ शकते, असे सांगून कॅल्शियम चुकवू नका अशी ताकीद मिळाली होती.

लपवण्याच्या बाबतीत गरोदरपण सोयीचे ठरले, हे सांगताना थोडे हसू येते. लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड यांच्या गर्दीत आणखी एक गोळी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. उलट सासूबाईच आठवण करून द्यायच्या की, रात्रीची गोळी राहिली का? खरी अडचण बाळंतपणानंतर आली, कारण बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, शेपा हौसेने देणारे घर ‘आता कशाच्या गोळ्या?’ असे विचारू लागते. मी गोळ्या मूळ बाटलीतून काढून कॅल्शियमच्या डबीत ठेवू लागले. त्या बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी डबीत टाकायला विसरू नये, हे मात्र मी उशिरा शिकले.

माहेरच्या मुक्कामाचा प्रश्न आमच्याकडच्या बायकांना पडणारच, म्हणून लिहिते. सातव्या महिन्यानंतर मी माहेरी गेले आणि बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत तिथेच होते. पती अधूनमधून येत. या काळात गोळी थांबवली तरी चालेल का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की थांबवता येईल, पण पुन्हा सुरू करताना ते तीन आठवडे परत मोजावे लागतील. नवरा कधी येईल याचा पंचांगासारखा हिशोब ठेवण्यापेक्षा रोजची गोळी सोपी वाटली.

प्रसूतीच्या दिवशीची एक घटना या विषयाचे मर्म सांगते. जिथे बाळंत झाले तिथल्या परिचारिकेने कागदावर ‘पती पॉझिटिव्ह’ असे वाचून बाळासाठी नेव्हिरापिनचे सिरप काढून ठेवले. ते सिरप आईला लागण असेल तर बाळाला देतात. माझ्या बाळाला त्याची गरज नव्हती आणि डॉक्टरांनी ते परत पाठवले. चूक काळजीपोटी झाली होती, राग नाही. पण माझ्या लक्षात आले की त्या कपाटात बाळासाठी औषध होते, पॉझिटिव्ह आईसाठी औषध होते, पॉझिटिव्ह बापासाठी केंद्रावर औषध होते. निगेटिव्ह आईसाठीची बाटली मात्र मी माझ्या पिशवीतून, दुकानातून विकत घेऊन आणली होती. महिन्याला सुमारे दोन हजार रुपये लागत.

त्या कपाटामागचे धोरण लहान नाही. भारतात एचआयव्हीचे उपचार १ एप्रिल २००४ पासून मोफत सुरू झाले. २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर स्त्रीला, तिच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या (सीडी४) पेशींची संख्या न बघता, आयुष्यभराचे उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये ‘चाचणी झाली की उपचार’ हे तत्त्व सर्वांना लागू झाले. माझ्या पतीला एचआयव्हीच्या उपचाराची टीएलडी गोळी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची) आजवर एकदाही विकत घ्यावी लागलेली नाही. हे सगळे पॉझिटिव्ह व्यक्तीभोवती बांधलेले आहे आणि जोडीदाराचे संरक्षण त्यातून आपोआप होईल असे गृहीत धरलेले आहे. विषाणू पूर्ण दबलेला असेल तर ते गृहीतक शंभर टक्के खरे आहे. आमच्याकडे तो दबलेला नव्हता. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी उतरते, म्हणून पतीला संध्याकाळी त्याची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी होती. पाळ्यांच्या नोकरीत ती वरचेवर चुकली. सहा महिन्यांनी आलेल्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाच्या, अहवालात आकडा हजाराच्या वर होता. समुपदेशन वाढवले गेले आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली, तेव्हा विषाणू सापडला नाही. मधल्या काळात माझ्यासाठी काही होते, तर ती ही गोळी होती.

दुसऱ्या देशांत काय चालते हे मी नंतर वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रेपची शिफारस २०१५ मध्ये केली आणि गरोदरपण किंवा स्तनपान हे ती नाकारण्याचे कारण नाही, असे २०१७ मध्ये स्पष्ट केले. केनियाने त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर प्रेप सुरू केली आणि किसुमू भागात तर ती माता-बाल दवाखान्यांतूनच, लसीकरणाच्या रांगेशेजारी दिली गेली. दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये सुरुवात करताना गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना वगळले होते. २०२१ च्या सुधारित सूचनांमध्ये त्यांना पात्र धरले. मधल्या वर्षांत ज्या बायकांना ‘गरोदर आहात, म्हणून नाही’ असे उत्तर मिळाले असेल, त्यांची अवस्था मला चांगली कळते. आपल्याकडे मला कोणी नकार दिला नाही. कोणी विचारलेच नाही.

दुधाबद्दलची भीती सर्वांत जास्त छळते. बाटलीतल्या इंग्रजी पत्रकात स्तनपानाविषयी इशारा होता आणि तो वाचून माझी बहीण घाबरली. नीट पाहिल्यावर कळले की तो लागण झालेल्या मातांसाठी होता. केनिया आणि युगांडातील ५० माता-बाळांच्या जोड्यांवर झालेल्या एका अभ्यासात दुधातून बाळाकडे जाणारे टेनोफोविर बाळाच्या उपचाराच्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी आढळले आणि बहुतेक बाळांच्या रक्तात ते मोजण्याइतकेही नव्हते. गरोदरपणात घेतलेल्या अशा औषधांची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९८९ पासून चालू आहे. टेनोफोविरमुळे जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे तीत दिसलेले नाही. माझ्या मुलीचे वजन तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात कायम राहिले, पण एका बाळावरून कोणी निष्कर्ष काढू नये.

आता प्रेपसाठी सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाविर हे औषध आले आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही आणि त्यादरम्यान गरोदर राहिलेल्यांना ते चालू ठेवता आले. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. रात्री दोनला रडणाऱ्या बाळाला घेऊन ‘आज गोळी घेतली की नाही’ हे आठवत बसलेल्या बाईला त्याचे मोल सांगायला नको. मी तेरा महिन्यांत सात गोळ्या चुकवल्या, त्यातल्या पाच बाळ दोन महिन्यांचे होण्याआधीच्या.

पतीच्या बाराव्या महिन्याचा अहवालही स्वच्छ आल्यावर डॉक्टरांनी मला आणखी चार आठवडे गोळी घ्यायला लावली आणि मग थांबवली. थांबवल्यानंतर महिन्याने केलेली माझी चाचणी निगेटिव्ह आहे. बाटलीत अकरा गोळ्या उरल्या आहेत. मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे, म्हणून त्या मी टाकलेल्या नाहीत.