महाबळेश्वरची बाजारपेठ की वाईची गणपती आळी?
हाताशी एकच संध्याकाळ असेल तर? महाबळेश्वरची बाजारपेठ चकाचक. चपला, चणे, जाम, स्ट्रॉबेरी क्रीम. दोन फेऱ्यांत संपते. पसरणी घाट उतरून वाईत आलात, तर गटार चुकवावं लागतं, स्कूटरला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. पण त्याच भिंतीचा गिलावा ओघळून आतली जुनी वीट उघडी पडलेली दिसते, ओट्यावर सुपात मिरच्या वाळत असतात. फोटो काढायला गेलात तर आजी आधी ‘कुणाकडचे तुम्ही?’ विचारणार, मग सूप बाजूला ओढणार! पुढे थेट कृष्णेचा घाट, सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. खरेदीच करायची असेल तर वर जा; मी वाईतच थांबेन. पावसाळ्यात मात्र पाऊल जपून, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.