सत्तर सह्यांचं गणित: लोकधोरणाची पदव्युत्तर पदवी केल्यावर

नऊ वर्षं सरकारी कचेरीत टिपण्या लिहिल्यावर मी लोकधोरण आणि शासन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी वर्गात बसून. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे उणीदुणी काढणार आहे.

पहिलं सत्र रटाळ. वुड्रो विल्सन यांचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा १८८७ चा लेख, मग नोकरशाहीवर लिहिणारे समाजशास्त्रज्ञ वेबर, मग आणखी कोणी. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. खरी मजा अंमलबजावणीच्या विषयात आली. अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या एका रोजगार योजनेवर प्रेसमन आणि विल्डावस्की यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तिथे भेटला. योजनेला उघड विरोध कोणाचाच नाही, पैसाही मंजूर, तरी काम रखडलेलं. त्यांनी टप्पे मोजले, तर सत्तर ठिकाणी कोणाची ना कोणाची मान्यता लागत होती. प्रत्येक ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तरी सगळं पार पडण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या खाली. ९५ टक्के धरली तर तीनच्याही खाली! मी तिथल्या तिथे मोबाइलवर गुणाकार करून पाहिला. वर्गातले ताजे पदवीधर थक्क झाले; मला मात्र वाटलं, नकार मिळाला म्हणून फाइल मरत नाही. त्रुटी काढून परत येते, शेरा पुसला जातो, पुन्हा वर जाते. हे मी बोलले आणि उरलेला तास त्यावरच गेला.

दुसरी जमेची बाजू म्हणजे धोरण-टिपण. मर्यादा दोन पानांची, मी दिली नऊ. सरांनी एकाच वाक्याखाली लाल रेघ मारली होती: ‘याबाबत विचार करण्यात यावा.’ समासात लिहिलं होतं, ‘कोणी?’ नऊ वर्षांची सवय त्या एका शब्दाने उतरवली.

लाभ-खर्च विश्लेषणही नीट शिकवलं. उद्या मिळणारा पैसा आजच्यापेक्षा कमी मोलाचा, म्हणून दर वर्षामागे ठरावीक टक्के दराने त्याची किंमत कमी धरायची. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १००० च्या लाभाची आजची किंमत तीन टक्के दराने ४१२, आठ टक्क्यांनी जेमतेम ९९. म्हणजे दर ठरवणाराच निम्मा निकाल लावून मोकळा होतो.

आता तक्रारी. सांख्यिकीच्या तासाला आकडे कायम धुऊनपुसून ठेवलेले. आमच्या रजिस्टरात एकाच वस्तीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, त्याचं काय करायचं हे कोणी शिकवलं नाही. पदवीच्या नावात ‘शासन व्यवस्थापन’ आहे, पण अंदाजपत्रकाला दोन वर्षांत चार तास मिळाले आणि निविदांना एकही नाही. शेवटच्या प्रकल्पात आम्ही पाच जण. काम दोघांनी केलं, फोटोत पाचही. ज्या कचेरीसाठी अहवाल लिहिला, तिने पोच दिली, पुढे काही कळलं नाही.

कॉलेजातून थेट येणाऱ्यांनी आधी दोन-तीन वर्षं कुठेतरी फायली हाताळाव्यात, निदान हेलपाटे तरी घालावेत. नाहीतर सत्तरचा आकडा नुसता गमतीचा वाटतो. मी हल्ली नवीन फाइल आली की आधी सह्या मोजते. परवाच्या फाइलीवर एकवीस होत्या. त्यातल्या दोन माझ्याच.