28 लिटरचा ओटीजी आणि एका गंजातला पास्ता: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

चौदा महिन्यांपूर्वी, कापसाचे पहिले पैसे हाती आले तेव्हा, यवतमाळच्या एका दुकानातून आम्ही 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेच्या कांड्यांवर चालणारा साधा ओव्हन, साडेसहा हजार रुपयांना विकत घेतला. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाचे आणि 1500 वॅटचे ओव्हन बाजारात बरेच आहेत आणि मी पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक त्या सगळ्यांना लागू पडते. केक आणि नानकटाईसाठी म्हणून घेतलेल्या या यंत्राचा खरा उपयोग आमच्या घरी वेगळाच निघाला: आठवड्यातून एकदा सहा माणसांचे रात्रीचे जेवण, एकाच भांड्यात आणि पास्ता वेगळा न उकडता.

वेचणीच्या दिवसांत दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी पाच ते सात ही वेळ मोठी अडचणीची असते. मजुरांचा कापूस काट्यावर तोलून घ्यायचा, चिठ्ठ्या लिहायच्या, हिशेब द्यायचा, आणि त्याच वेळी चुलीजवळ किंवा गॅसजवळही उभे राहायचे, हे एका बाईकडून होत नाही. ओव्हनमध्ये गंज, म्हणजे आमच्याकडचे पातेले, ठेवून दार लावले की पाऊण तास त्याच्याकडे पाहावे लागत नाही, हा या यंत्राचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण आहे. पोळ्या करताना तव्यापासून पाच मिनिटेही हलता येत नाही; इथे मी अंगणात काट्यापाशी असते आणि स्वयंपाक आत चालू असतो.

सोबत आलेल्या पुस्तिकेवर मात्र विसंबून राहू नये. तिच्यात पास्ता आधी भरपूर पाण्यात उकडून, निथळून, मग ट्रेमध्ये पसरून 20 मिनिटे भाजायला सांगितले आहे. म्हणजे एक पातेले, एक चाळणी आणि एक ट्रे अशी तीन भांडी घासायला पडतात आणि उकडताना उभे राहणे काही चुकत नाही. पहिल्या खेपेला मी उकडणे वगळले, पण पाणी पुस्तिकेच्या अंदाजानेच ठेवले आणि वर फॉइल सैल टाकली. परिणामी खालचा पास्ता शिजला आणि वरचा थर दाताखाली कडकड वाजू लागला. सासूबाईंनी एक पेने ताटाच्या कडेला ठेवून विचारले, "हे नळी शिजवाची राह्यली का व, का अशीच खातेत?" त्यांचा प्रश्न बरोबर होता.

कोरडा पास्ता थेट भाजायचा असेल, तर त्याला लागणारे सगळे पाणी भांड्यातच असले पाहिजे आणि वाफ बाहेर जाता कामा नये. आता माझे माप ठरलेले आहे. 400 ग्रॅम पास्त्याला 700 ग्रॅम टोमॅटो कच्चेच वाटून घ्यायचे आणि 600 मिलीलिटर उकळते पाणी घालायचे. पाणी उकळतेच हवे; थंड पाणी घातले तर ओव्हनचा पहिला बराचसा वेळ ते तापवण्यातच जातो. स्टीलच्या रुंद गंजात गॅसवर तेलात बारा लसूण पाकळ्या आणि दोन कांदे परतायचे, सिमला मिरची, मीठ आणि अर्धा चमचा भिवापुरी तिखट घालायचे, मग वाटलेला टोमॅटो, पास्ता आणि पाणी घालून एकदा सराट्याने तळापासून हलवायचे, आणि तोच गंज घट्ट झाकून ओव्हनमध्ये ठेवायचा. मार्गशीर्षात तुरीच्या शेंगा भरल्या की मी वाटीभर सोलेही घालते. ते पास्त्याबरोबर नीट शिजतात आणि सोलेभातावर वाढलेल्या माझ्या मुलांना पास्त्यातला त्यांचा परका नसलेला स्वाद विशेष आवडतो.

झाकून 200 अंशांवर 35 मिनिटे झाली की झाकण काढायचे, एकदा हलवायचे, वर 150 ग्रॅम मोझरेला किसून पसरायचे आणि फक्त वरची कांडी चालू ठेवून दहा मिनिटे तांबूस होऊ द्यायचे. त्यानंतर आणखी दहा मिनिटे गंज बाहेर तसाच ठेवला की उरलेला रस पास्त्यात मुरतो. लगेच वाढले तर ताटात पाणी सुटते. मोझरेलाऐवजी आमच्याकडे सहज मिळणारे चौकोनी वड्यांचे प्रक्रिया केलेले चीज वापरले तर त्याला तार सुटत नाही. ते घट्टसर थरासारखे बसते आणि लवकर करपते. मोझरेला मी तालुक्याच्या गावाहून एसटीने आणते, आणि उन्हाळ्यात ते स्टीलच्या डब्यात, डबा वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, असा सगळा बंदोबस्त करावा लागतो.

पास्त्याच्या पाकिटावर दुरम गव्हाचा रवा असे लिहिलेले आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. दुरम म्हणजे काही परदेशी अपूर्वाई नव्हे. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला आहे, आणि शेवयांसाठी आमच्या सासूबाई त्याचाच रवा का धरतात, हे मला पास्त्यामुळे नीट कळले. त्याचा दाणा कडक असतो आणि प्रथिने भरपूर असतात, त्यामुळे पाऊण तास रसात राहूनही नळीचा आकार टिकतो. बाजारातून एकदा आणलेला सुटा, मैद्याचा स्वस्त पास्ता याच मापाने केला, तेव्हा झाकण उघडल्यावर गंजात खळ तयार झालेली होती.

आता विजेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खेड्यात हा ओव्हन घेणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच आहे आणि दुकानात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. यंत्रावर लिहिलेले 1500 वॅट हे 230 व्होल्टला असतात. आमचे घर लाइनच्या टोकाला आहे. घरात मोटरीच्या कामासाठी घेतलेला मीटर आहे, त्याने एका संध्याकाळी सात वाजता मोजले तर 178 व्होल्ट भरले. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज पाव हिश्श्याहून थोडे कमी झाले असले तरी उष्णता चाळीस टक्क्यांनी कमी झाली आणि 1500 वॅटचा ओव्हन प्रत्यक्षात सुमारे 900 वॅटचा उरला. रविवारी दुपारी जो ओव्हन बारा मिनिटांत 200 अंशांना पोहोचतो, त्यालाच त्या संध्याकाळी पंचवीस मिनिटे लागली. यंत्र बिघडले असे समजून मी दुकानदाराला फोनही केला होता, त्याबद्दल आता थोडे ओशाळायला होते. यावर माझा उपाय एवढाच आहे की संध्याकाळी ओव्हन आधीच तापत ठेवायचा आणि झाकून शिजण्याची वेळ 35 ऐवजी 45 ते 50 मिनिटे धरायची. स्टॅबिलायझरच्या भानगडीत पडू नये. एवढा भार पेलणारा स्टॅबिलायझर स्वस्तात येत नाही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तर हा ओव्हन लावूच नये. पिन जाड आहे, तिला 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते. मिक्सरच्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून चालवण्याचा मोह टाळावा. आम्ही वायरमनला बोलावून मेन स्विचपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली, तो खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

वीज मधेच गेली तर काय, हा प्रश्न मला शेजारच्या बायकांनी सर्वांत जास्त वेळा विचारला आहे. गेल्या पौषात झाकून ठेवल्याला वीस मिनिटे झाली असताना वीज गेली आणि पाऊण तासाने आली. दार अजिबात उघडले नाही, त्यामुळे आतल्या धगीवर पास्ता हळूहळू शिजत राहिला; थोडा जास्त मऊ झाला, पण वाया गेला नाही. गंमत अशी की टायमर चावीचा असल्यामुळे तो विजेविनाही टिकटिकत राहतो आणि अंधारात ठरल्या वेळी घंटा वाजवतो. म्हणून वीज गेली की घड्याळात वेळ पाहून ठेवावी, घंटेवर भरवसा ठेवू नये.

आता दोष. आकड्यांची चकती खोटे बोलते: भर व्होल्टेजला चकती 200 वर ठेवली, तर आत ठेवलेला तापमापक 220 दाखवतो, त्यामुळे दुपारी मी ती 180 वरच ठेवते. सोबतचा ट्रे उथळ आहे, त्यात रसासकट पास्ता मावत नाही, आणि चौथ्या महिन्यात त्याच्या कोपऱ्यावरचा काळा थर सुटू लागला. वॉरंटीच्या कार्डावरच्या क्रमांकावर तीन वेळा बोलणे झाले. प्रत्येक वेळी ट्रे नागपूरच्या केंद्रात आणून दाखवा, असे उत्तर मिळाले. एका ट्रेसाठी दारव्ह्याहून नागपूर गाठण्याचा खर्च ट्रेच्या किमतीहून जास्त होतो, हे त्यांनाही समजत असणार. मी तो ट्रे शेंगदाणे भाजायलाही वापरत नाही. दाराची काच मात्र चांगली आहे, आतला दिवा उपयोगी पडतो, आणि तळाचा चुऱ्याचा पत्रा ओढून काढता येतो, त्यामुळे मुंग्यांचा त्रास झाला नाही.

झाकणाबद्दल एक सूचना राहिली. फॉइल टोमॅटोच्या रसाला टेकू देऊ नये. आंबटपणाने तिला बारीक भोके पडतात आणि ते कण अन्नात उतरतात. मी स्टीलचे जड ताट उलटे झाकते आणि कडेला कणकेची वळी लावते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे तं पानग्यावानीच झालं, पळसाचं पान नाही एवढंच." त्यांच्या आग्रहाने आम्ही एकदा पळसाच्या पानांत गुंडाळून पानगेही या ओव्हनमध्ये केले. ते आतून छान मऊ झाले, पण गोवऱ्यांच्या धगीतल्या धुराचा वास त्यांना नव्हता, आणि सासूबाईंनी अर्धा खाऊन बाकीचे वांग्याच्या भाजीत कुस्करले. पास्त्याच्या बाबतीत त्यांची तक्रार उरलेली नाही. त्यावर वरून जवसाची चटणी भुरभुरून त्या दुसऱ्यांदा वाढून घेतात.

विजेचा खर्च फार नाही: तापण्यासकट एका जेवणाला पाऊण ते एक युनिट पडते, आणि तेवढा वेळ गॅस वाचतो. सहा माणसांसाठी 28 लिटरपेक्षा लहान ओव्हन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यापेक्षा आतली उंची आणि खोली महत्त्वाची असते. गंजाला प्लॅस्टिकचे कान नसावेत, आणि तो झाकणासह आत गेल्यावर वरच्या कांडीपासून दोन बोटे तरी जागा राहावी. मी दुकानात माझा गंज पिशवीत घालून नेला होता. दुकानदार हसला, पण पहिल्या दोन ओव्हनमध्ये तो झाकणासह गेला नव्हता.